जमिनीखालचा देवमासा

मोंतेविदेओच्या बंदराजवळ विमा कंपनीचं नवं ऑफिस अकरा वाजता सुरू व्हायचं होतं, आणि पावणेदहाला वायरमन वाल्देमार पिंतोसची दिव्यांची वायर जमिनीखाली अडकली.

जुन्या इमारतीच्या फरशीवर लोखंडी पाय रोवून, वर चौकोनी तक्ते टाकून दुसरी जमीन केलेली होती. मधल्या दोन फुटांच्या पोकळीतून वायर सरकवायची. कधी कुठल्या पायाला अडेल, नेम नसे.

"आत शिरल्याशिवाय ही बया हलायची नाही," वाल्देमार म्हणाला.

"तुम्ही शिरणार? त्या पोटासकट?" मॅनेजर नीदियाबाई ओरडल्या.

"पोट मऊ असतं बाई. कुठंही मावतं."

तो तक्ता उचलून आत गेला. दोनच मिनिटांत कपाटवाले हमाल आले. उघडं भोक बघून त्यांनी सभ्यपणे तक्ता बसवला आणि त्यावर पोलादी कपाट ठेवून निघून गेले.

वाल्देमारनं बोंब मारून पाहिली. वर टेबलं सरकत होती, कोण ऐकतंय! मग तो विजेरी धरून खिडकीच्या बाजूला सरपटू लागला. घामानं निथळत होता. एक थेंब नाकावरून धुळीत पडला, आणि तिथं निळं काहीतरी चमकलं.

त्यानं बाहीनं पुसलं. डोळा होता. ताटाएवढा.

थोड्या वेळानं जमिनीखालून ठोकल्याचा आवाज आला. नीदियाबाईंनी धावत येऊन तक्ता काढला.

"सापडली का वायर?"

"वायर राहू द्या बाई. डोळा सापडलाय."

"कुणाचा?" त्या दोन पावलं मागं सरल्या.

"तेच बघतोय. आणखी चार तक्ते काढा."

चाराचे चाळीस झाले. टेबलं भिंतीला गेली. क्लेम विभागाच्या ओविदियोनं बादली आणली. जुन्या फरशीत नखाएवढ्या खड्यांनी जडवलेला देवमासा फडक्यागणिक वर येत होता. डोकं खिडकीपाशी, शेपूट पार कपाटाखाली. त्याच्या पाठीशी टेबलाएवढी होडी, तिच्यात सहा माणसं, आणि सहाव्याच्या तोंडावर चक्क भीती! खड्यांची भीती! सगळं ऑफिस गुडघ्यांवर बसून पुसत होतं. नीदियाबाई तर अनवाणीच झाल्या होत्या.

"कुणी केलं असेल हो?" त्या हळूच म्हणाल्या.

"नाव नाही कुठं," वाल्देमार म्हणाला. "आणि आपण यावर वायरी टाकत होतो."

अकराला मालक इरुरेता काठी टेकत दारात आले. समोर जमीन नाही, दिवे नाहीत, कर्मचारी खड्ड्यात. हा म्हातारा शाईचा डाग पडला तरी आठवडाभर कुणाशी बोलत नसे.

"साहेब, मी सांगते..." नीदियाबाई चाचरल्या.

म्हाताऱ्यानं हात वर केला. तो देवमाशाकडे बघत राहिला. मग काठी ओविदियोकडे देऊन दोघांच्या आधारानं खाली उतरला आणि डोळ्याशेजारी बसला. खडे एकेक करून बोटानं चाचपले.

"झाकायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "वायर छतातून न्या."

वाल्देमारनं शिडी लावली. खाली टांगलेल्या नव्या छताची एक पाटी सरकवून तो कमरेपर्यंत आत गेला, आणि तसाच राहिला.

"काय झालं हो?" नीदियाबाईंनी विचारलं.

विजेरीचा उजेड वर जुन्या छतावर हळूहळू फिरत होता, आणि फटीतून निळं काहीतरी चमकलं.

"अहो पिंतोस!"

"बाई," वरून अगदी दबका आवाज आला, "दुसरी शिडी आहे का? साहेबांना झेपेल अशी?"