सासरेबुवांची काडतुसं

बंदुकीला ‘अहो’ म्हणणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तोही जर्मनीत.

स्टुटगार्टला मुलाकडे कायमची राहायला आले, त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. इथे इमारतीच्या तळघराला केलर म्हणतात. कपडे धुवायची मशिनं तिथंच असतात. मी बादली घेऊन खाली उतरले, तर शेजारच्या खोलीतून स्वच्छ मराठी कानावर आलं, “अहो, हलू नका. तेल लावू द्या जरा. थंडीनं किती कोरडे पडलात!” मला वाटलं, कोणीतरी आजारी बापाला केलरात आणून ठेवलंय. दार अर्धं उघडं होतं. आत एक टकला म्हातारा अ‍ॅप्रन बांधून बसला होता आणि त्याच्या मांडीवर दुनळी बंदूक होती.

“कोणाशी बोलताय?” मी विचारलं.

तो दचकला नाही. “सासरेबुवांशी,” म्हणाला. “या वहिनी, ओळख करून देतो.”

हे भास्करराव. मूळचे मिरजेचे. तरुणपणी मशिनच्या कारखान्यात काम शिकायला इकडे आले, गिझेला नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि राहिले. बंदूक गिझेलाच्या बापाची. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. नळ्यांवर नक्षी अशी, की ताक घुसळताना लोणी येऊ लागलं की जसे वळसे दिसतात, तशी. सासरा जिवंत होता तोवर या जावयाशी धड बोलला नाही. “आता त्यांना माझ्याशिवाय कोण आहे?” भास्करराव म्हणाले आणि पुन्हा तेल लावू लागले.

माणूस वेडा आहे हे मी तेव्हाच ठरवलं. पुढे त्यात फारसा बदल करावा लागला नाही.

ते शिकार करत नाहीत. मुंगीलासुद्धा वळसा घालून जातात. क्लबात मातीच्या बशा यंत्रातून उडवतात, त्या बंदुकीनं फोडायच्या, एवढाच त्यांचा पराक्रम. मी म्हटलं, “बशा फोडायला बंदूक कशाला? आमची मृदुला हातानं फोडते.” मृदुला म्हणजे माझी सून. ती तिथंच उभी होती. भास्कररावांना हसावं की नाही ते कळेना. ते “गेनाऊ, गेनाऊ” म्हणत राहिले. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. त्यांना पटलं तरी ते गेनाऊ म्हणतात आणि पटलं नाही तर दोनदा म्हणतात.

त्यांचा खरा उद्योग काडतुसं भरण्याचा. सासरेबुवांना नवी काडतुसं चालत नाहीत. नव्यांचा दणका मोठा, तो जुन्या नळीला सोसत नाही. नळी फाटली तर धरणाऱ्याचा हात जातो. म्हणून भास्करराव कमी दाबाची काडतुसं स्वतः भरतात. त्यासाठी सरकारचा परवाना आहे, लोखंडी कपाट आहे, ते तपासायला माणूस येतो. त्या दिवशी भास्करराव दाढी करून, टाय लावून केलरात बसलेले असतात.

मी कपडे वाळत घालायला गेले की बघत उभी राहायची. तळाला ठिणगी पाडणारी टिकली. मग दारू, तीही सोनाराच्या तराजूवर तोलून. मग लोकरीचं बूच, मग छर्रे, वरून पुठ्ठ्याची चकती आणि शेवटी कड आत दुमडायची. करंजीची मुरड घालावी तशी. मुरड मनासारखी बसली नाही की हा बाबा सगळं उकलून पहिल्यापासून भरणार. एकदा मी म्हटलं, “माझ्या सासूनं तुम्हाला दिवाळीला हौसेनं बसवून घेतलं असतं.” ते इतके खूश झाले की मला एक रिकामं काडतूस भेट दिलं. मी त्यात सुया ठेवते.

या दाबाचं त्यांनी डोक्यात फार घेतलंय. “दाब कमी, आयुष्य जास्त,” हे त्यांचं ब्रीद. आमच्याकडे चहाला आले की कुकरची शिट्टी ऐकून उठतात आणि न विचारता गॅस बारीक करतात. मग डाळ कच्ची राहते. माझ्या मुलाला सांगतात, “साहेबाचा फोन उचलू नकोस. दाब कमी ठेव.” त्यानं दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा साहेबानं घरी यायची धमकी दिली. मला सांगतात, “वहिनी, सुनेवर दाब कमी ठेवा.” मी म्हटलं, “सून तुमच्या सासऱ्यापेक्षा मजबूत आहे. तिला काही होत नाही.”

मग पूर्वेकडे लढाई सुरू झाली आणि यांचं सामान मिळेनासं झालं. कारखाने सगळी दारू तोफांना देऊ लागले. दुकानात टिकल्या नाहीत. बुचं करणारा एक म्हातारा होता, त्यानं धंदा बंद केला. भास्करराव गावोगाव गाडी घेऊन फिरायचे, आमच्या काळी रॉकेलसाठी बाया फिरायच्या तसे. कुणी नेमबाज म्हातारा झाला, त्यानं खेळ सोडला असं कळलं की हे त्याच्या दारात हजर. तशा एकाकडून थोडी दारू आणि टिकल्या मिळाल्या. सगळी कागदपत्रं करून आणली. बुचं मात्र मिळाली नाहीत. खुर्च्यांच्या पायांखालचं फेल्ट, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, कापून झालं. हॅटा कापून झाल्या. स्वतःच्या चपलांचे आतले तळवे कापले आणि मोज्यांवर हिंडू लागले.

एक दिवस मला राहवलं नाही. “अहो भास्करराव, बंदूक भिंतीला टांगा आणि गप बसा. एवढी वणवण कशासाठी?”

त्यांनी हातातली चकती खाली ठेवली. मग म्हणाले, “गिझेलासाठी.”

गिझेला इथं राहत नाही हे मला माहीत होतं. तिचं डोकं हळूहळू विस्कटत गेलं, आता ती टेकडीपलीकडच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात असते. भास्करराव दुपारचं जेवण तिच्याबरोबर घेतात. ती त्यांना ओळखत नाही. ‘तो गृहस्थ’ म्हणते, पण नीट वागवते. महिन्यातून एका शनिवारी ते तिला खुर्चीत बसवून क्लबात नेतात. तिथं वडिलांच्या बंदुकीचा वास आला की ती जरा जागी होते, बोलते. कानावर झाकण्या घातल्या की ओढून काढते. एकदा काडतुसं नव्हती म्हणून त्यांनी दुसऱ्या बंदुकीतून नवी, विकतची उडवली. त्या आवाजानं ती इतकी घाबरली की दिवसभर रडत होती. “सासरेबुवांचा आवाज तिला चालतो,” ते म्हणाले. “पोतं आपटल्यासारखा. बुचं संपली की शनिवार संपला.”

मी कपडे घेऊन वर गेले.

आता घोंगडी. माझ्या नवऱ्याची, माणदेशी, काळीभोर. तो गेल्यावर मी ती बॅगेत घालून इथं आणली होती. मृदुलाला एक दिवस उत्साह आला. तिनं ती साठ डिग्री गरम पाण्यावर मशिनमध्ये धुतली. बाहेर काढली तेव्हा माणसाच्या अंगाची घोंगडी कुत्र्याच्या अंथरुणाएवढी झाली होती. जाड, घट्ट, उभी केली तर उभी राहील अशी.

“आई, मला वाटलं स्वच्छ होईल,” मृदुला म्हणाली.

“झाली की. घोंगडीच उरली नाही, मळ कुठून उरेल?”

मी ती रागारागानं केलरातल्या दोरीवर नेऊन टाकली. थोड्या वेळानं खालून आरोळी आली. मला वाटलं, म्हातारा उडाला. धावत गेले तर भास्करराव दोरीसमोर उभे. दोन्ही हातांनी घोंगडी चाचपत होते, दाबत होते, कडेला दात लावून बघत होते.

“वहिनी! हे कुणी केलं?”

“सुनेनं. तिची रदबदली करायला येऊ नका.”

“रदबदली कसली! तिच्या पाया पडतो. असं फेल्ट जर्मनीत कुठं मिळत नाही हो! किती वेळ धुतली? पावडर कुठली?”

मृदुला जिन्यात उभी राहून ऐकत होती. सकाळपासून पहिल्यांदा तिनं मान वर केली.

“ही मला द्याल?” भास्कररावांनी विचारलं. मग आपण काय मागितलं ते त्यांच्या ध्यानात आलं बहुतेक. “म्हणजे… तुमच्या यजमानांची आहे. राहू द्या.”

वस्तू उराशी धरून बसायची मला सवय नाही. ती पांघरून कोणी झोपणार नव्हतं. आणि माझ्या नवऱ्याला फुकट पडून राहिलेली वस्तू दिसली की पित्त व्हायचं. मी म्हटलं, “न्या. पण माझ्या घोंगडीचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघणार. शनिवारी मला घेऊन चला.”

शनिवारी गेलो. क्लब जंगलाच्या कडेला आहे. गिझेलाला आश्रमातून घेतलं होतं. उंच बाई, निळी टोपी, हात मांडीवर ठेवून अशी बसली होती की जणू फोटो काढायचाय. मी नमस्कार केला, तिनं मान लववली. भास्कररावांनी आम्हां दोघींना काचेच्या खोलीत बसवलं आणि स्वतः क्लबाची बंदूक घेऊन लांबच्या टोकाला हात मोकळा करायला गेले. बशी उडाली की फुटत होती. एकही सुटली नाही. त्यांचे जर्मन दोस्त टाळ्या वाजवत होते.

मग ते गिझेलाची खुर्ची ढकलत बाहेर घेऊन गेले. मीही मागे गेले. सासरेबुवा पेटीतून निघाले, त्यांच्यात माझी घोंगडी भरलेली काडतुसं गेली. “हॉप!” भास्करराव ओरडले. बशी उडाली. धप्प. खरंच पोतं आपटल्यासारखा आवाज झाला. बशी आपली सरळ जाऊन गवतात पडली.

दुसरी उडाली. तीही शाबूत.

गिझेलानं नाक वर केलं. धुराचा वास तिच्यापर्यंत आला होता. मांडीवरचा हात उचलून तिनं खुर्चीवर आपटला. “झू श्पेट!” म्हणाली. फार उशीर. मग मोठ्यानं, “झू श्पेट, भास्कर! नुसता बघत काय बसतोस? कोपर! कोपर कुठं आहे तुझं?” आणि पुढे बरंच काही बोलली, त्यातलं मला अर्धंसुद्धा कळलं नाही. सूर मात्र कळला. नवराबायकोच्या भांडणाला भाषा लागत नाही. भास्करराव बंदूक मधून उघडून हातावर घेऊन खाली मान घालून उभे होते, नव्या जावयासारखे. कान लाल झाले होते.

तिसरी बशी गेली. चौथी गेली. टाळ्या वाजवणारे आता दुसरीकडे बघत होते.

ते काडतुसं घ्यायला माझ्याजवळच्या बाकावर आले, तेव्हा मी हळूच म्हटलं, “तिकडे एक सुटली नाही, इथं एक लागत नाही. मुद्दाम चुकवताय.”

त्यांनी मागं वळून गिझेलाकडे पाहिलं. ती अजून पुटपुटत होती.

“लागली की ती गप्प बसते, वहिनी,” ते म्हणाले. “चुकली की माझं नाव घेते.”

मी पेटीत पाहिलं. थोडीच राहिली होती.

“मग आता जरा जास्तच उशीर करा,” मी म्हटलं.