फरशीवरचा घट

ज्याच्या हाताखालून गेलेला कागद देशभर चालला, त्याच्या हातून साधा झेंडू उगवणार नाही, हे झुंबरराव बोरस्त्यांना पटणं शक्यच नव्हतं. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावरचा त्यांचा हा पहिलाच पावसाळा. तेवढ्या एका पावसाळ्यात त्यांनी नाशिक रोडच्या आपल्या दोन खोल्यांच्या घराची रोपवाटिका करून टाकली होती. तेलाचे डबे, रंगाचे डबे, तळ गेलेला कुकर, मुलीचं लहानपणीचं टमरेल, जे जे पोकळ दिसेल त्यात त्यांनी माती भरली. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई हल्ली तोंड उघडं ठेवून झोपत नाहीत, असं कॉलनीत बोललं जाई.

"यंदा दसऱ्याला बाजाराचं एक फूल घरात येणार नाही," असं झुंबररावांनी पोळ्यालाच जाहीर केलं होतं. "तोरण घरच्या झेंडूचं. उरलेली फुलं शेजारी वाटू."

शेजाऱ्यांनी मनावर घेतलं नाही. चांगुणाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा गोधडीत तोंड घातलं. भादवा सरत आला होता. पहाटे अंगावर ओढून घ्यावंसं वाटे आणि दुपारी तेच अंगावरचं फेकून द्यावंसं. अशा दिवसांत बाईच्या अंगात काम संचारतं. चांगुणाबाईंनी गोधड्या धुऊन कठड्यावर टाकल्या, फाटल्या तिथे जुन्या लुगड्याचे तुकडे लावले, डबे पुसले, चिंच लावून देवाचे टाक घासले. घासताना त्या गुणगुणत होत्या. हे गुणगुणणं नेहमीचं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच त्यांच्या घरी घट बसणार होता.

बोरस्त्यांचा घट आजवर कधी गावाबाहेर गेला नव्हता. तो दिंडोरीकडच्या मळ्यातल्या घरी, थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे भागीबाईंच्या हातचा. पण भागीबाईंचे गुडघे आता बसलं की उठू देत नव्हते. मळ्यातल्या नव्या सूनबाईला नोकरी होती. शेवटी घट धाकटीकडे देण्याचं ठरलं, पण कसं, तर सरकारी नोकरीत देतात तसं, आधी कच्चं.

"तुमच्या फरशीवर देवी रुजंल का नाय, कुणास ठावं," भागीबाईंनी आपली शंका सगळ्यांसमोर बोलून दाखवली. "मी आठव्या माळंला येऊन बघन. धान चांगलं आलं, तर घट तुझा. नायतर माघारी मळ्यात."

चांगुणाबाईंनी ते ऐकून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मळ्यातल्या त्या घटासाठी माती चाळली, धान्य निवडलं, माळा ओवल्या. घटासमोर मात्र भागीबाई बसायच्या. आता पाट त्यांच्यासाठी मांडला जाणार होता, आणि आठव्या माळेला तो ओढूनही घेतला जाऊ शकत होता. झुंबररावांना एवढं कळलं. पुढे जे जे घडलं, ते त्यांना एवढंच कळल्यामुळे घडलं.

घट बसला. पत्रावळीवर मळ्यातली काळी माती, मातीत पाच प्रकारचं धान्य, मधोमध पाण्याचा मातीचा घट, त्यावर विड्याची पानं नि नारळ. जागेचा प्रश्न आला. खिडकीखाली झुंबररावांचे डबे दाटीवाटीने उभे होते. ते हलवतो म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. राहू द्या, म्हणाल्या चांगुणाबाई, आणि स्वयंपाकघरातल्या धान्याच्या कोठीमागचा कोपरा त्यांनी सारवल्यासारखा पुसून घेतला. तिथे भर दुपारी सुई शोधायला बॅटरी लागे. झुंबररावांना ती जागा बागकामाच्या दृष्टीने साफ चुकीची वाटली. पण देवीच्या कामात बागकाम काढू नये, एवढं तारतम्य त्यांना होतं. निदान दुसऱ्या माळेपर्यंत होतं.

तिसऱ्या माळेला त्यांनी मातीत डोकावून पाहिलं. काहीच नाही. बोट घालून उकरणार, तेवढ्यात मागून चांगुणाबाईंची चाहूल आली आणि त्यांनी ते बोट कपाळाला लावून नमस्कार केला. चांगुणाबाई मातीकडे बघत उभ्या राहिल्या. त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत मीठ दोनदा पडलं होतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात खिचडीत दोनदा मीठ पडलेलं झुंबररावांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताट पुसून खाल्लं, पायात चपला घातल्या आणि दिंडोरीची एसटी पकडली.

दिंडोरीला त्यांचा मेहुणा सहादू द्राक्षाच्या बागेत होता. छाटणीचे दिवस. बागेत माणसं, डोक्यावर ऊन आणि सहादूच्या हातात कात्री. झुंबररावांनी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, द्राक्षाचा मणी लांबवायला तुम्ही जे औषध वापरता, त्यातलं मागच्या हंगामाचं थोडं उरलंय का?

"जीए?" सहादूने कात्री थांबवली. "तुम्हाला काय करायचं, दाजी?"

खरं सांगायचं तर सहादूच्या बहिणीच्या घटात फवारणीचं औषध घालायचं होतं. पण सहादूच्या हातात कात्री होती.

"झेंडूला," झुंबरराव म्हणाले.

"झेंडूला कोण घालतं? नुसता दांडा पळंल, फूल धरणार नाय." तरी दाजींचा शब्द मोडवेना, म्हणून त्याने स्पिरिटात विरघळवून ठेवलेलं थोडं औषध खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं. "थेंबाच्या हिशोबानं घाला. लय तेज हाय. जास्त झालं तर लांबी येती, पन दम राहात नाय."

दुसऱ्या दिवसापासून झुंबररावांचा नेम ठरला. पहाटे उठायचं, घटासाठी पाण्याने भरलेल्या तांब्यात बाटलीतलं औषध टाकायचं, तांब्या घटापाशी ठेवून अंघोळीला जायचं. अंघोळ करून सोवळ्याने यायचं आणि चांगुणाबाई पाटावर बसून माळ बांधतात, तांब्यातलं पाणी धानाला घालतात, ते बघत उभं राहायचं. थेंब मोजायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. ते बाटलीच्या टोपणाने घालत. टोपण म्हणजे साधारण किती थेंब, हा विचार त्यांनी देवीवर सोडला.

आणि देवी पावली. चौथ्या माळेला मातीला तडे गेले. पाचव्या माळेला पिवळी टोकं बाहेर आली. सहाव्या माळेला धान बोटभर होतं आणि सातव्या माळेला ते घटाच्या गळ्याशी पोचून नारळाकडे बघत होतं. चांगुणाबाईंनी पाठ वळवून दोनदा पदराने डोळे टिपले. कॉलनीतल्या बायका बघायला आल्या. एवढं लांब धान कुणी पाहिलं नव्हतं. कुणी नारळ ठेवला, कुणी ओटी भरली. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी तर मुलीच्या दहावीसाठी धानाची एक काडी आधीच राखून ठेवायला सांगितली.

झुंबररावांना मात्र घाम फुटला होता. एवढं लांब धान सरळ उभं राहणार कसं? ते लग्नातल्या वरबापासारखं जागच्या जागी डुलत होतं. लांबी येते, दम राहत नाही, हे सहादूचं वाक्य त्यांना जेवताना ऐकू येई, झोपताना ऐकू येई. भागीबाई यायच्या आत हे सगळं लोळलं तर? आणि नाही लोळलं, तर दसऱ्याला सगळ्या भावकीच्या टोप्यांत हे द्राक्षाचं औषध खोवलं जाणार. त्यातल्या कुणाला काही झालं तर? देवीला काही झालं तर?

त्या घोरात त्यांचं झेंडूकडे लक्षच गेलं नाही. गेलं तेव्हा झेंडूच ओळखू येईना. एकेक रोप उसासारखं वर गेलेलं, बारीक, फिकट, आणि शेंड्याला नावाला कळी नाही. बियाणं खोटं निघालं, असं त्यांनी ठरवलं आणि ज्याने विकलं त्याला मनातल्या मनात बोलून घेतलं. त्यांना तेव्हा एवढीच फुरसत होती.

आठव्या माळेला भागीबाई आल्या. पुतण्याने त्यांना जीपमधून आणून थेट दारात सोडलं. पाणी न पिता त्या कोठीमागे गेल्या. चांगुणाबाई त्यांच्या मागे, आणि त्यांच्याही मागे झुंबरराव. बाटली आज कुठे ठेवावी हे न सुचल्याने ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. टोपण घाईत तिरकं बसलेलं होतं.

भागीबाईंनी बॅटरी मागितली. धानावर उजेड टाकला. मग त्यांनी नाक वर केलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं आणि बॅटरीचा उजेड झुंबररावांच्या तोंडावर आणला.

"भावजी, वास कशाचा येतोय?"

"उदबत्तीचा."

"मला नका शिकवू. आमच्या मामंजींनी जन्मभर हाच वास घरात आणला." उजेड हळूहळू खाली उतरला आणि खिशाशी थांबला. सदऱ्यावर ओला डाग पसरला होता. भागीबाईंनी हात घालून बाटली काढली. "हे काय हाय?"

झुंबररावांनी चांगुणाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि त्या जमिनीकडे बघत होत्या. खरं सांगितलं, तर घट आत्ता याच जीपमधून परत जाणार. मग त्या पाटावर चांगुणाबाई पुन्हा कधी बसणार नाहीत.

"औषध आहे," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"माझं."

नवरात्रात, घटासमोर, या वयात! भागीबाईंनी जे सुनावायचं ते सुनावलं. त्यात मामंजी आले, मामंजींनी विकलेली बैलजोडी आली आणि झुंबररावांनी शाळकरी वयात केलेल्या खोड्याही आल्या. मग त्यांनी झुंबररावांना घटासमोर बसवलं, कपाळाला भंडारा लावला आणि शपथ घ्यायला लावली. लग्नाच्या वरातीतही ज्यांनी उसाच्या रसापुढे मजल मारली नव्हती, त्या झुंबररावांनी त्या दिवशी देवीच्या साक्षीने दारू सोडली.

शपथ झाल्यावर भागीबाईंचा स्वर मऊ झाला. त्यांनी चांगुणाबाईंना जवळ घेतलं.

"असला नवरा पदरी असून देवीनं तुझ्याकडं बघून एवढं धान दिलं. माझ्या हातानं कधी आलं नाय एवढं. घट तुझा गं बाई. आता हितंच बसंल."

चांगुणाबाई त्यांच्या पाया पडल्या. उठताना त्यांचा चेहरा झुंबररावांना दिसला, आणि आपण जन्मभर पीत असतो तरी चाललं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

दसऱ्याच्या सकाळी घट हलला. धानाने शेवटपर्यंत मान टाकली नाही. झुंबरराव खिडकीपाशी बसून पंचवटीच्या भाजीबाजारातून आणलेला झेंडू ओवत होते. समोर त्यांचा स्वतःचा झेंडू, छताला टेकायच्या बेतात, फुलाशिवाय उभा होता. चांगुणाबाई आंब्याची पानं घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"ती बाटली सहादूला देऊन टाका," त्या सुई ओवत म्हणाल्या. "घरात नको."

झुंबररावांच्या हातातलं फूल खाली पडलं. कधीपासून ठाऊक आहे, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

पहिल्या दिवसापासून, चांगुणाबाईंनी सांगितलं. तांब्याला दवाखान्याचा वास येत होता. देवीला असलं पाणी कसं घालायचं? तुम्ही अंघोळीला गेलात की मी तांब्या त्या डब्यांत रिकामा करायचे, घासायचे आणि नळाचं भरून ठेवायचे.

झुंबररावांनी डब्यांकडे पाहिलं. छताकडे चाललेला झेंडू त्यांच्याकडे बघत होता.

"मग धान एवढं कसं आलं?"

"अंधारात ठेवलं की धान पळतंच उजेड शोधायला. माझी आई घट नेहमी उतरंडीमागे मांडायची. तुमचे डबे हलवू नका म्हटलं, ते कशाला?"

झुंबररावांच्या छातीवरून काहीतरी जड उतरलं. देवीला काही झालं नव्हतं. भावकीच्या टोप्या सुरक्षित होत्या. सहादूशीसुद्धा आपण खोटं बोललो नाही, औषध झेंडूलाच गेलं, हेही त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना आणखी हलकं वाटलं. मग एकदम आठवलं.

"अगं, मग हे त्या दिवशी वहिनींना का नाही सांगितलंस? मला घटासमोर दारुडा ठरवलं त्यांनी."

चांगुणाबाईंनी दोन फुलांमध्ये एक पान ओवलं.

"सांगितलं असतं, तर घटाला घालायला फवारणीचं औषध आणलं होतं हेही सांगावं लागलं असतं. त्या मानानं दारू बरी दिसली. आणि तुम्ही स्वतःच म्हणालात की माझं." त्यांनी सुई खाली ठेवली. धानाची सर्वांत लांब काडी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती, ती झुंबररावांच्या टोपीत खोवली आणि नीट बसली का ते बघायला क्षणभर हात तिथेच ठेवला. "एवढं माझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं."

झुंबररावांनी तोरण बांधायला घेतलं. शेजाऱ्यांनी विचारलंच तर फुलं घरचीच, एवढं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दारू सोडल्याची बातमी भागीबाईंनी दिवाळीच्या आत सगळ्या भावकीत पोचवली. त्या वर्षी ज्या ज्या लग्नाला झुंबरराव गेले, तिथे त्यांना मानाने पुढच्या पंगतीला बसवलं गेलं, आणि वाढणारे एकमेकांना डोळ्यांनी खुणावत. एका लग्नात मांडवामागे दूरचा एक चुलतभाऊ त्यांना गाठून, हात धरून, अगदी कळवळून विचारू लागला, की सोडताना लई त्रास झाला का?

झुंबररावांनी खरं तेच सांगितलं.

"नाही रे. सवयच नव्हती."