हेमराजची पारख

नंदुरबारच्या बाजारात हेमराजसारखा मिरचीचा पारखी दुसरा नाही, असं सगळे म्हणत. आणि सगळ्यांच्या आधी हेमराज स्वतः म्हणे. डोळे मिटायचे, मिरची तळहातावर चुरायची, बोटाचं टोक जिभेला लावायचं, की जात लाली की फापडा, कोणत्या गावची, कितव्या तोडणीची, सगळं सांगून हा मोकळा. वर ऐटीत म्हणायचा, "मन्हा हातले आते तिखट लागतच नही."

असा हा माणूस लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात एका खाजेपुढे हात टेकून बसला. ही गोष्ट कोणाला पटली नसती, म्हणून त्याने कोणाला सांगितलीच नाही.

झालं होतं असं, की नवरा-बायको जवळ आले की लगेच दिपालीला नको त्या जागी आग आणि दुसऱ्या दिवसभर खाज. स्वयंपाकघरात पाटावर बसवेना आणि सासूला कारण सांगता येईना. हेमराजलाही होत होतं, पण तो "थोडंफार" म्हणे आणि मिरच्या वाळवायच्या पथारीवर पोत्यांच्या थप्पीआड जाऊन खाजवून येई. दिपाली आधी घाबरली. मग रडली. मग तिला राग आला, आणि हा टप्पा हेमराजला सर्वांत जड गेला.

"आखाजीले मी माहेरी जासू," तिने सांगून टाकलं. "कारण सापडनं तर आठ दिवसमा येसू. नही सापडनं तर तुम्ही आनि तुम्हनी मिरची."

लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नवी सून माहेरी जाणार आणि झोका खेळणार, हे तर ठरलेलंच. पण ती परत कधी येणार याचा आता नेम नव्हता. हेमराजला बायको फार आवडत होती. ती गेली तर घर खायला उठेल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरकडे जाऊ, असं दिपाली म्हणत होती. पण जो माणूस बोटावरून मिरचीचं गाव सांगतो, त्याला घरातल्या खाजेचं कारण सांगता येऊ नये? त्याने शंभर पानी वही आणली, तारखा घातल्या आणि कंबर कसली.

पहिला संशय साबणावर. वासाचा साबण बंद झाला आणि त्याच्या जागी जंतुनाशकाची बाटली आली. दोघांनी पाण्यात टोपण टोपण घालून धुवायला सुरुवात केली. खाज दुप्पट झाली. हेमराजने वहीत लिहिलं, 'जंतू चिवट आहेत,' आणि दोन टोपणं करायला सांगितली.

दुसरा संशय निरोधावर. रबराचं काहींना वावडं असतं, असं त्याने मोबाइलवर वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. पण गल्लीतलं मेडिकल होतं चुनीलालमामांचं. सख्ख्या मामाकडून ही वस्तू कोण मागणार? म्हणून हा गाडी काढून थेट खापर गावी गेला. तिथल्या दुकानदाराने त्याला बघताच ओळखलं. बिनरबराचं पाकीट काउंटरवर ठेवलं, आणि ते देण्याआधी आतून आपल्या शेतातल्या मिरच्यांची ओंजळ आणून पुढे केली. जरा बघा म्हणाला. हेमराजने मिरची चुरली, डोळे मिटले, "फापडा, दुसरी तोडणी," असं सांगून वाहवा घेतली आणि त्याच हाताने पाकीट उचललं. त्याही वेळी आग पडली. वहीत रबर निर्दोष सुटलं.

मग त्याला आठवलं, की लग्नानंतर चार दिवस तोरणमाळला गेलो होतो तेव्हा दोघांना काहीच झालं नव्हतं! म्हणजे दोष इथल्या पाण्याचा. झालं, हा तोरणमाळचा घाट चढला आणि गाडीला दोन कॅन बांधून वळणावळणाने जीव मुठीत धरून उतरला. दिपाली म्हणाली, सासूबाईही हेच नळाचं पाणी वापरतात, त्यांना का होत नाही? त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून येतो तर दोन्ही कॅन रिकामे. मुलगा एवढ्या लांबून, एवढ्या जपून पाणी आणतो म्हणजे ते तोरणमाळच्या गोरखनाथाचं तीर्थच असणार, असं समजून कौसाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, कॅनला हळदकुंकू लावून सगळ्या गल्लीला फुलपात्र-फुलपात्र वाटलं होतं.

आखाजीला आठ दिवस राहिले. दिपालीने पिशवी भरायला घेतली आणि वर वही ठेवली. "आते डॉक्टर. नही तर आजच माहेर."

डॉक्टर ममताबाई पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी दिपालीला आत नेऊन तपासलं, लघवीची तपासणी करून घेतली. मग दोघांना समोर बसवून सांगितलं की संसर्ग दिसत नाही, घाबरू नका. कातडी मात्र भाजल्यासारखी लाल आहे. जंतुनाशकाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. तिथे साधं पाणी पुरतं, म्हणाल्या, ती बाटली आजच फेका.

"पण बाई, बाटली तर नंतर आनी," दिपाली म्हणाली. "त्याना आधीबी आग व्हतीच."

तेव्हा हेमराजने अभिमानाने वही पुढे सरकवली. बाई एकेक पान बोट फिरवत वाचू लागल्या. "रविवारी कधीच त्रास नाही? रविवारी पाणी वेगळं येतं का?"

पाणी तेच येतं, फक्त बाजार बंद असतो, हेमराज म्हणाला. बाईंनी चष्मा वर करून डोळा चोळला. मग दुसरा चोळला. मग खुर्ची मागे सारून उठल्या आणि बेसिनकडे धावल्या. पाच मिनिटं नळ चालू होता. परत आल्या तेव्हा दोन्ही डोळे लालबुंद, पाणी घळघळ वाहतंय.

"तुम्ही काम काय करता?" त्यांनी विचारलं.

दिपालीने आधी वहीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातांकडे, आणि हसू लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती अशी हसली, पदर तोंडात धरून. हेमराजला लाज वाटली आणि तिच्या हसण्याने बरंही वाटलं.

बाईंनी कागदावर लिहून दिलं: कामावर हातमोजे, घरी आल्यावर हाताला आधी तेल आणि मग साबण, कारण तिखट नुसत्या पाण्याने जात नाही; आणि आग पूर्ण थांबेपर्यंत दोघांनी लांब राहायचं. डोळ्यांबद्दल हेमराजने माफी मागितली. त्यांनी ती दुरूनच स्वीकारली.

दिपाली आखाजी करून आठव्या दिवशी परत आली, बोलली होती तशी. हेमराज तेल लावून, साबणाने धुऊन, पुन्हा एकदा धुऊन तयार होता. तिने त्याचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि त्याच्या बोटाचं टोक हळूच जिभेला लावलं.

"लाली," ती म्हणाली. "जा, पुन्हा धोई या."

एवढं धुतल्यावर ही कसली पारख, असं पुटपुटत हेमराज उठला. नळाशी गेल्यावर त्याने मागे वळून पाहिलं आणि गुपचूप बोट स्वतः चाखलं.

लालीच होती.