नावेच्या बोलपटाची आणि कमळाच्या पाटीची बखर

श्री पडदा उजळो, श्री आवाज स्पष्ट येवो, आणि पुढल्या रांगेतल्या उंच गृहस्थास थोडे खाली सरकून बसण्याची बुद्धी होवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष शुद्ध षष्ठी, रविवार, ते दिवशी तीनच्या खेळास जे घनघोर रण माजले त्याची हकीकत पुसणारे बहुत, आणि सांगणारे त्याहून बहुत, आणि प्रत्येकाची हकीकत निराळी. सबब जे आम्ही डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकिले, आणि जे शेजारच्या खुर्चीवरून न विचारता सांगण्यात आले, ते सर्व येथे लिहिले आहे. राज्याचे नांव लिहीत नाही. लिहिले तर शेजारची राज्ये हसतील, आणि त्यांस हसण्यास आधीच कारणे पुष्कळ आहेत.

त्या राज्यात एकच महाल नामांकित, रयत त्यास थेटर म्हणते. तेथे दर साल पौषमासी एक जुना संगीत बोलपट लागत असे, त्यास लहानथोर नावेचा बोलपट म्हणत. देशमुखाची कन्या आणि नदीवरचा नावाडी यांची प्रीती जडली, आणि ती बापास कळली, आणि बापाने कन्येस माडीवर कोंडिले, आणि मग कन्या खिडकीतून उतरून घाटावर आली, आणि मग दोघे नावेत बसून चौदावे गाणे गात पैलतीराकडे निघाली, आणि गाणे सरता सरता पडद्यावर एक थोर कमळ उमलून त्यावर 'समाप्त' ऐशी अक्षरे उमटत, आणि रयत शिट्ट्यांचा भडिमार करून बाहेर पडे. येणेप्रमाणे चव्वेचाळीस वर्षे ती दोघे दर साल सुखरूप पोचत आली. त्या बोलपटाची दुसरी प्रत पृथ्वीवर उरली नाही ऐशी वदंता होती. एकदा परमुलुखातून विम्याचा एजंट आला आणि म्हणाला की मी लहानपणी पाहिला तेव्हा दोघे बुडाली होती. त्यास चहासुद्धा न पाजता रवाना केले, आणि त्या साली राज्यात विमा कोणी उतरविला नाही.

आणि खेळ सुटला म्हणोन कोणी घरी जात नसे. थेटराच्या बावीस पायऱ्यांवर बसून आपापले मत देणे हा या राज्याचा कुळाचार. बाल्कनीच्या फौजेचे सेनापती दस्तुरे मास्तर, शाळेतून निवृत्त, पेटी वाजविणारे, स्वभावे सज्जन परंतु बोलू लागले म्हणजे घड्याळाकडे न पाहणारे. पिटातल्या, म्हणजे पडद्यापुढल्या स्वस्त जागांवरल्या, फौजेच्या सेनानी जनाबाई कासार, बांगड्यांच्या दुकानाच्या धनीण, ज्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकास जाई. जनाबाईंचे मत की बाप मागून घोड्यावर येत असता पोरीने घाटावर उभे राहून चार कडवी म्हणण्याचे काय कारण, दोन म्हणावी आणि उरलेली नावेत बसून म्हणावी. मास्तरांचे मत की तिसरे कडवे गेले तर बोलपट गेला. यावर चव्वेचाळीस वर्षे लढाई चालली, आणि तह जाहला नाही. शिवाय मास्तरांनी त्या शेवटल्या कमळावर चोवीस पानांचा निबंध रचिला होता, की चिखलातून वर येते तेच खरे प्रेम, आणि ऐसा शेवट करणारा दिग्दर्शक ऋषीच म्हणावा. तो निबंध ते दर साल पायरीवर वाचीत, आणि चौथ्या पानावर जनाबाई भजी मागवीत. परंतु कमळाविषयी दोन्ही फौजांत दुमत नव्हते. ज्यांचे लग्न घरच्यांनी अडविले ते जोडीने हा खेळ पाहात आणि मग काय तो निर्णय करीत, इतका त्या कमळाचा वट होता.

आता रंगोबांचे वर्तमान. रंगनाथ कोठावळे, रयतेत रंगोबा, थेटराचे यंत्र चालविणारे, आता वय सत्तर, गुडघे दुखरे, आणि पोटात एक गोष्ट ठेविलेली, जी त्यांनी देवासही मोठ्याने सांगितली नव्हती. ती ऐशी की शके एकोणीसशे दोन, रौद्र नाम संवत्सरे, हा बोलपट प्रथम आला तेव्हा रंगोबांनी तो आधी एकट्याने चालवून पाहिला, आणि चौदाव्या गाण्यानंतर आणखी एक रीळ होते, आणि त्या रिळात नदीस पूर येऊन दोघे बुडाली. ते पाहून रंगोबांच्या तोंडचे पाणी पळाले. कारण की त्याच दिवशी तीनच्या खेळास अनसूया म्हणोन एक मुलगी येणार होती, आणि खेळ सुटल्यावर दोघांनी घाटावर जाऊन, नावेत बसून, पैलतीरीच्या देवळात लग्न लावण्याचे ठरले होते. मुलीच्या बापाचा स्वभाव बोलपटातल्या देशमुखासारखाच, फक्त घोडा नव्हता, सायकल होती. पोरगी हे पाहील आणि नाव नको, नवरा नको म्हणत माघारी फिरेल, ऐसे भय घेऊन रंगोबांनी शेवटचे रीळ काढून गोणपाटात गुंडाळिले, आणि एका पौराणिक बोलपटाची कमळाची पाटी, म्हणजे 'समाप्त' अक्षरांची फीत, पडून होती ती कापून शेवटास चिकटविली. मालकांस सांगितले की रीळ खराब निघाले. मालकांनी रयतेच्या शिट्ट्या ऐकिल्या आणि म्हणाले, ऐसेच खराब राहू दे.

अनसूया आली. नाव पैलतीरास लागली, लग्न लागले, आणि ते रीळ रंगोबांनी येताना नदीतच सोडिले. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे अनसूयाबाई दर साल पाचव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसून तो बोलपट पाहात, आणि पायरीवर कोणी मत विचारले तर म्हणत की मला काय त्यातले कळते, मला घरी पोळ्या टाकायच्या आहेत. त्या राज्यात मत न देणारे माणूस एकच, आणि ते रंगोबांच्या घरात. रंगोबांस वाटे की ही त्या कमळावर विसंबून घर सोडून आली, आणि खोटे तिला कळेल त्या दिवशी आपला संसारच खोट्या पाटीवर उभा ठरेल. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते ऐसे.

तो क्रोधी संवत्सरी बातमी आली की राजधानीत एका तळघरात बोलपटाची अस्सल प्रत सापडली, धुऊन पुसून लख्ख केली, आणि ती आपल्या थेटरी येते, शेवटासकट. मग राज्यात जो उत्साह उसळला तो काय वर्णावा. जनाबाईंनी दुकान अर्धा दिवस बंद ठेविले, जे त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही ठेविले नव्हते, आणि मास्तरांनी निबंधाची चार पाने वाढविली, की प्रत नवी तर कमळही अधिक तेजस्वी दिसेल. आणि धाकट्या मालकांनी रंगोबांस मानाने बोलाविणे पाठविले, की काका, खेळ तुमच्या हाताने सुरू करावा. रंगोबा धावत गेले, म्हणजे गुडघे जितके धावू देतील तितके, आणि आडून आडून पुसले की शेवटचा भाग वगळता येईल काय. धाकटे मालक म्हणाले, "काका, आता रीळ नसतं. संगणकाची डबी येते, कुलूपबंद. त्यातलं आपल्याला काही कापता येत नाही."

मग रंगोबांनी दुसरी मसलत केली. रविवारी सकाळी गुडघा फार दुखतो म्हणोन निजून राहिले, की अनसूयाबाई सेवेस घरी राहतील. बाईंनी गुडघ्यास तेल चोळिले, पट्टी बांधिली, हिरवे लुगडे नेसल्या, आणि म्हणाल्या, "आता उठा. तीन वाजायला आलेत." येणेकरून मसलत बुडाली.

थेटरात मुंगीस वाट नाही ऐशी गर्दी. पहिल्या गाण्यास पिटातून साथ उठली, सातव्यास बाल्कनी उभी राहिली, आणि घाटावरच्या तिसऱ्या कडव्यास मास्तर डोळे मिटून बसले आणि जनाबाई खालून ओरडल्या की अग बस आता नावेत. चौदावे गाणे लागले. रंगोबा यंत्राच्या खोलीत उभे, हात मोठ्या खटक्यावर, की हा ओढिला तर सारे थेटर काळोखी पडेल आणि वीज गेली म्हणता येईल. झरोक्यातून पाचवी रांग दिसत होती. सारी रयत पडद्याकडे पाहात होती, आणि एकट्या अनसूयाबाई मान वळवून वर झरोक्याकडे पाहात होत्या. रंगोबांच्या मनात आले की आज ओढू, पण उद्या तीनला पुन्हा खेळ आहे, आणि परवाही आहे. हात खटक्यावरून खाली आला.

गाणे संपले. पिटातले वीर रिवाजाप्रमाणे उभे राहिले, बोटे तोंडात घालून शिट्टीच्या तयारीत, आणि कमळ आले नाही. नदी आली. काळे पाणी चढत गेले, नाव फिरली, कन्येने नावाड्यास हाक मारिली, त्याने वल्हे टाकून तिचा हात धरिला, आणि मग पाण्यावर ते वल्हे तेवढे उरले. बोटे तोंडात तशीच राहिली. मग पहिला हुंदका जनाबाईंचा, आणि मग ऐसा आक्रोश उठला की बाहेरचा भजीवाला कढई सोडून आत आला. आम्हीही रडलो, हे लपविण्यात अर्थ नाही, आणि इतके सुंदर काही आम्ही त्या पडद्यावर पूर्वी पाहिले नव्हते.

मग पायऱ्यांवर जे रण माजले ते वर्णनी पुरवत नाही. कोणी म्हणे हा शेवट खरा आणि आजवरचे सारे गोड बोलणे, कोणी म्हणे नव्या प्रतीवाल्यांनी ढवळाढवळ करून आमची माणसे बुडविली, कोणी म्हणे आता तिसऱ्या कडव्याचा खुलासा जाहला, ते म्हटले नसते तर पुराआधी पोचली असती, आणि कोणी म्हणे मरण ठाऊक असून पाहिले तर तेच कडवे काळजास हात घालते. मास्तर अठ्ठावीस पाने हातात धरून उभे होते आणि ज्यास त्यास पुसत होते की कमळ कोठे गेले. निर्णयास आलेली एक जोडी खालच्या पायरीवर होती, तीतल्या मुलीने मुलाचा हात सोडून दिला होता. विम्याच्या एजंटाची कोणास आठवण जाहली, आणि त्यास चहा पाजला पाहिजे होता ऐसे एकमताने ठरले, आणि त्या दिवशीचे एकमत तेवढेच.

तो रंगोबा एकेक पायरी धरून खाली आले आणि मधल्या पायरीवर उभे राहिले, आणि हात जोडून सारी हकीकत सांगितली, गोणपाटासकट. मास्तर मटकन खाली बसले. जनाबाई पदर खोचून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "चव्वेचाळीस वर्सं आमाला काय दूधखुळं समजला व्हय, रंगूभाऊ? त्या कमळाकडं बघून पोरींनी घरं सोडली हितं. तुमच्या घरातल्या बाईनं सोडलं. तिला काय सांगणार तुमी?"

रंगोबा आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहात राहिले. त्यांनी अनसूयाबाईंकडे पाहिलेही नाही. मग अनसूयाबाई उठल्या, आणि ज्यांनी चव्वेचाळीस वर्षांत मत दिले नव्हते त्या म्हणाल्या, "मी सांगते माझं मत." आणि भजीवाल्याने स्टोव्ह बंद केला, म्हणजे ऐकू यावे.

"हा बोलपट मी त्या दिवसाच्या आधीच मावशीच्या गावच्या जत्रेत पाहिलेला होता. तंबूत. तीन वेळा, शेवटासकट. बुडतात हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या वेळेला यांची, नावेतून जाऊ म्हणणारी, चिठ्ठी माझ्या कमरेला होती. तरी मी आले."

रंगोबांनी मान वर केली. म्हणाले, "मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी बसले होते की आता पूर येणार, आणि आलं कमळ. पार हसू आलं मला. मग वर त्या भोकाकडे बघितलं आणि कळलं, हा माणूस माझ्यापेक्षा घाबरलाय. म्हटलं, याला एकट्याला नावेत बसवून चालायचं नाही."

रंगोबा तेथेच बसले आणि पंच्याने डोळे पुसू लागले, आणि बाई शेजारी बसल्या आणि गुडघ्याची सुटलेली पट्टी पुन्हा बांधू लागल्या. खालच्या पायरीवरल्या मुलीने मुलाचा हात पुन्हा धरिला, हे जनाबाईंनी पाहिले, आणि त्यांनी पाहिले म्हणजे अर्ध्या घटकेत बाजाराने पाहिले. मग ज्या शिट्ट्या थेटरात अडकून राहिल्या होत्या त्या सर्व एकदम सुटल्या, आणि घाटावरची पाखरे उडाली.

त्याउपरि तह जाहला तो ऐसा. बोलपट शेवटपर्यंत दाखवावा, कोणी काही कापू नये. वल्हे पाण्यावर दिसले की दिवे लावू नयेत, रयतेस पुरेसे रडू द्यावे. त्यानंतर जुन्या यंत्रावर कमळाची पाटी रंगोबांनी स्वहस्ते दाखवावी, कारण ती या राज्याची आहे. तिसरे कडवे पूर्ण म्हणू द्यावे, परंतु जनाबाईंस ओरडण्याची मुभा असावी. मास्तरांनी निबंध फाडला नाही, पहिल्या पानावर रंगोबांचे नांव घातले आणि 'ऋषी' हा शब्द तसाच ठेविला.

येणेप्रमाणे वर्तमान. रीळ नदीत गेले, खोटे बाहेर आले, घर शाबूत राहिले. पुढल्या रविवारी अनसूयाबाईंस पायरीवर पुन्हा मत विचारिले, तेव्हा त्या पोळ्या टाकायच्या आहेत म्हणोन उठल्या, आणि रंगोबा त्यांच्या मागोमाग निघाले. बखर समाप्त.