कुंडीखालची ताटली

डास अंगावर बसला की माणूस टाळी वाजवतो. राणेकाका ओरडतात, "थांबा! आधी पाय बघू द्या." पायांवर पांढरे पट्टे आहेत का, हे त्यांना पाहायचं असतं. तोवर डास जेवून गेलेला असतो.

काका आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत एकटेच राहतात. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल तपासला. निवृत्तीनंतर ते आम्हाला तपासतात. दर रविवारी घरोघर जाऊन कुंड्यांखालच्या ताटल्या उचलतात, फ्रिजमागचा ट्रे ओढतात. पाणी दिसलं की गरजतात, "रिजेक्ट!" मग चहा होईपर्यंत व्याख्यान.

"इथे भातशेती होती तेव्हाही डास होतेच. पण त्यांना खायला बेडूक होते, मासे होते. आपण खाचरं बुजवून टॉवर बांधले. बेडूक गेले, हा पट्टेवाला आला. याला स्वच्छ पाणी लागतं. फ्लॅटच लागतो म्हणा ना!"

सेक्रेटरी देसाईंनी कंटाळून ही तपासणी बंद करायचा ठराव मांडला. गणपती होऊन महिना झाला असेल. त्याच आठवड्यात डेंग्यू आला. आधी वॉचमन पडला, मग देसाईंची नात सई हॉस्पिटलात गेली. देसाईंनी मागच्या नाल्यावर धूर मारून घेतला. ताप थांबेना.

"नाला सोडा हो," काका म्हणाले. "विसर्जनाची पिंपं कुठायत?"

घरोघरचे गणपती पिंपांतच विसर्जित झाले होते. शाडू तळाशी बसला होता, वर नितळ पाणी. ते गटारात कोण ओतणार? म्हणून देसाईंनी पिंपं जिन्याखाली ठेवून वर फुलं वाहिली होती. काकांनी टॉर्च मारला. अळ्या वळवळत होत्या.

"पण बाप्पाचं पाणी..." देसाई पुटपुटले.

"मग झाडांना घालू. वाजतगाजत!"

संध्याकाळी ढोलकी, झांजा आणि बादल्यांची मिरवणूक निघाली. पहिली बादली काकांनी "मोरया!" म्हणत नारळाच्या मुळाशी रिकामी केली. पिंपं घासून पालथी घातली. सई बरी होऊन घरी आली, नंतर कुणी आजारी पडलं नाही. देसाईंनी ठराव मागे घेतला, वर काकांना शाल घातली.

पुढे काकांचीच पंचाईत झाली. साऱ्या ताटल्या कोरड्या. "पास," म्हणून ते दारातूनच परत फिरायचे. बसायला कारण उरलं नव्हतं.

मागच्या रविवारी आईने घड्याळ पाहून तुळशीच्या कुंडीखाली फुलपात्रभर पाणी ओतलं. बेल वाजली. काकांनी ताटली उचलून डोळ्यांजवळ नेली. पाण्यावर धूळसुद्धा बसली नव्हती. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं.

"रिजेक्ट, वहिनी!" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. "आता सगळं पहिल्यापासून समजवावं लागणार."

आईने चहाचं आधण आधीच ठेवलं होतं.