गुलाबरावांची सपनं

प्रताप नगरात आम्ही राहायला गेलो ते सत्तरच्या दशकात. शेजारचे गुलाबराव सरकारी कचेरीत कारकून, वय पन्नाशीला टेकलेलं. रात्री पडलेलं स्वप्न सकाळी कुंपणाशी उभं राहून सगळ्या आळीला सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"काल काय झालं, सीताबर्डीत एक उंट रेशनच्या लाइनीत उभा! हातात थैली!"

"उंटाला हात कुठून आला, गुलाबराव?"

"सपन आहे गा, खोटं थोडीच आहे!"

त्यांच्या पत्नी सुमनबाई मागे उभ्या राहून चहा निवत ठेवत. त्यांना कधी कोणी विचारलं, तर गुलाबरावच उत्तर देत, "तिले नाही पडत सपनं. पडली का झोपली."

एका हिवाळ्यात गुलाबरावांचा घसा असा बसला, की डॉक्टरांनी त्यांचं बोलणंच बंद केलं. आळी सुनी झाली. मी विचारपूस करायला गेलो, तर अंगणात धुक्यातून कोवळं ऊन उतरत होतं आणि दोघं बाजेवर बसली होती. त्या शांततेत सुमनबाई हळूच म्हणाल्या,

"मलेबी पडते सपनं. आपली शोभा येते."

शोभा त्यांची एकुलती मुलगी. तान्ही असतानाच तापानं गेलेली. त्या घरात तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मोठी झाली आता. काल सक्करदऱ्याच्या तलावापाशी दिसली. दोन वेण्या होत्या. तिच्या तिनंच घातल्या होत्या."

डॉक्टरांना न जुमानता, फाटक्या आवाजात गुलाबरावांनी विचारलं, "इतके वर्षं काहून नाही सांगितलं वं?"

"तुमचं सांगून झालं का सांगीन, म्हणत होती."

त्यात रुसवा नव्हता. म्हणूनच ते ऐकवेना.

घसा सुटला, पण गुलाबराव कुंपणाशी येईनात. उंटांवाचून आळीला करमेना. शेवटी एका सकाळी मीच हाक मारली, "काय गुलाबराव, आज काय पाहिलं?"

"माह्यं राहू दे गा," म्हणाले आणि सुमनबाईंकडे वळले. "मग? कॉलेजात जाते का वं आता?"

"जाते. पण सायकलनं. मले भेव लागते."



"भेऊ नको," गुलाबराव म्हणाले. "आज तिले सांगजो, बाबा मागून येऊन राहिले."