अल्टरनेटरने गिळलेला टेबलक्लॉथ

फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीला टेकून रोटर पहुडला होता आणि ओव्हनमध्ये अल्टरनेटरचं पुढचं झाकण भाजत होतं. डॉक्टर दोघांच्या मध्ये उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते.

"माझ्या केकपाशी नाही कधी असे उभे राहिलात," बायको म्हणाली.

"केकला बेअरिंग बसवायचं नसतं. हे बघ, झाकण तापलं की फुगतं, आत फिरणारा हा रोटर गारठला की आकसतो. मग हातोडीची गरज नाही. बेअरिंग आपलं आपण आत जाऊन बसतं, जावयासारखं."

"आमचा जावई कुठे आपला आपण बसला होता? लग्नात चार माणसं पाठवावी लागली होती तुमची समजूत घालायला!"

डॉक्टर दातांचे होते. पण लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक जुना ट्रक घेतला, तेव्हापासून गल्ली त्यांना कर्नल म्हणू लागली होती. रणगाड्याच्या चुलतभावासारखा दिसणारा तो हिरवा ट्रक अंगणात असा उभा होता, की दाराशी जायला त्याला वळसा घालावा लागे. इंजिन ठणठणीत होतं. दुखणं एकच: चालताना बॅटऱ्या भरून द्यायच्या ती जबाबदारी अल्टरनेटरची, आणि त्याने ती केव्हाच झटकून टाकली होती. बाजारात मिळायचे ते बारा व्होल्टचे, मोटारींचे. याला हवा चोवीसचा, तोही घमेल्याएवढा. तेव्हा जुनाच उघडून दुरुस्त करायचा, असं डॉक्टरांनी ठरवलं. शेवटी किडलेलं कोरायचं, भोक बुजवायचं आणि वरून टोपी बसवायची, हे ते रोजच करत होते.

पण आता घाई होती. उद्या सकाळी डॉक्टरांच्या सासूबाई आपल्या नव्या घरी राहायला जाणार होत्या.

सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. मागोमाग त्यांचं कपाट आलं, मग शिलाई मशीन, मग पलंग. माणूस मायाळू, पण जिभेला विसावा नाही. दवाखान्यात डॉक्टर बोलत आणि समोरच्याचं तोंड नुसतं उघडं असे. घरी आलं की उघडं तोंड डॉक्टरांचं. अशात सासूबाईंनी स्वतःच दोन खोल्यांची जागा पाहिली, आणि डॉक्टर आनंदाच्या भरात बोलून गेले, "आई, सामानाची काळजी नको! आपला ट्रक आहे ना!"

"ट्रक चालला तर जाईन," सासूबाई म्हणाल्या होत्या. "नाही चालला तर मी समजेन, माझा इथला मुक्काम वाढवायचा देवाच्याच मनात आहे."

देवाच्या मनात काय आहे ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. अल्टरनेटरच्या पोटात काय आहे ते मात्र त्यांनी सगळं उपसून जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं.

सासूबाई आतल्या खोलीत दुपारच्या झोपेत होत्या. टेबलावर त्यांचा क्रोशाचा गोल टेबलक्लॉथ होता, त्यांनी स्वतः विणलेला. अजून विणतच होत्या. काठाच्या नव्या फेऱ्या चालू होत्या आणि दोऱ्याचं मोकळं टोक लोंबत होतं. बायकोने तो अलगद टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवला आणि अलीकडे वर्तमानपत्रं पसरली.

ओव्हनमधून झाकण निघालं. फ्रीजरमधून रोटर निघाला. डॉक्टरांनी दाढ बसवावी तसा नेम धरला आणि बेअरिंगसकट रोटर झाकणात सोडला. 'टुक्' असा इवलासा आवाज झाला आणि बेअरिंग जागेवर जाऊन बसलं.

"बसलं!" डॉक्टर कुजबुजले.

"बसलं?" बायकोही कुजबुजली. दोघांनी हातातल्या जाड मोज्यांसकट टाळी दिली.

झाकण निवल्यावर कार्बन ब्रश बसले, डायोड बसले, स्क्रू आवळले गेले. मग परीक्षा. अल्टरनेटर टेबलाच्या कडेला क्लॅम्पने जखडला. ट्रकाच्या दोन्ही बॅटऱ्या दोन खुर्च्यांवर पाहुण्यांसारख्या बसल्या. पुलीच्या नटाला ड्रिल मशीन लावलं आणि वायरींच्या टोकाला चोवीस व्होल्टचा दिवा.

डॉक्टरांनी ड्रिल दाबलं. अल्टरनेटर घूं घूं करू लागला, दिवा आधी लाजला, मग लखकन पेटला.

"अहो, पेटला! पेटला हो!" बायको चक्क नाचली.

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे कपाट, शिलाई मशीन, पलंग आणि सासूबाई असा ताफा ट्रकात चढून दूर जाताना दिसू लागला. त्यांनी आणखी जोर लावला. अल्टरनेटरचा पंखा जोरात हवा ओढू लागला. हवेबरोबर त्याने पलीकडे लोंबणारं दोऱ्याचं टोकही ओढलं आणि झाकणाच्या फटीतून थेट रोटरच्या दांड्यावर घेतलं.

दिवा जरा मंदावला. ड्रिल कण्हू लागलं.

"लोड येतोय," डॉक्टर समाधानाने म्हणाले. "चांगलं लक्षण आहे." आणि त्यांनी अंगाचा सगळा भार ड्रिलवर टाकला.

टेबलाच्या त्या टोकाला टेबलक्लॉथ गिरक्या घेऊ लागला. काठाची फेरी उसवली, तिच्या आतली उसवली. टेबलक्लॉथ नाचता नाचता चारी बाजूंनी आटत चालला. बायको दिव्याकडे पाहत होती आणि डॉक्टर भविष्याकडे. टेबलक्लॉथकडे पाहणारं कुणीच नव्हतं.

"जावईबापू, हा माझा टेबलक्लॉथ फुगडी का घालतोय?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. डॉक्टरांचं बोट ड्रिलवरून सुटलं. त्या शांततेत टेबलक्लॉथने शेवटची एक गिरकी घेतली आणि तो थांबला. आता तो एका पातेल्याखाली जेमतेम पुरला असता.

"आई, तुम्ही... झोप झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी झाली. तुम्ही अजून झोपेत दिसताय." सासूबाईंनी दोऱ्याचा माग काढत वाकून अल्टरनेटरच्या फटीत डोळा घातला. "अगंबाई! सगळा इथे आत! याला एवढी कसली भूक लागली होती?"

डॉक्टरांनीही वाकून पाहिलं. सासूबाई चिडल्या ते तर झालंच, पण दोरा दांड्यावर करकचून बसला होता. असाच ट्रकला लावला तर तो घासून तापणार, धूर होणार. पुन्हा उघडायचं तर झाकण पुन्हा तापवायचं, आणि पोटात सुती दोरा असताना ओव्हनमध्ये घालायचं म्हणजे आग लावायला आमंत्रण. ट्रक हलणार नाही. मुक्काम वाढणार. देवाच्या मनात होतंच.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ड्रिल उलटं फिरतं ना?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती त्यांना एवढी सुंदर कधी दिसली नव्हती.

"आई, तुम्ही फक्त दोरा ओढून धरा," ते म्हणाले. "ढिला सोडू नका."

"मला नका शिकवू दोरा धरायला. फिरवा!"

ड्रिल उलटं घुमलं. काळा कुळकुळीत, कार्बनने माखलेला दोरा फटीतून सळसळत बाहेर आला. सासूबाई आधी हातावर गुंडाळू लागल्या, मग कोपरावर, मग दोरा आवरेना म्हणून मागे मागे सरकत स्वयंपाकघरात गेल्या.

"हळू! हळू हो! अहो, मी बैल आहे का?"

"आई, गाठ आली!"

"आली तर येऊ दे! चालू द्या!" आतून सासूबाईंचा आवाज आला, आणि त्यामागून हसू. ओठ दाबून हसणं नव्हे, पोट धरून. त्या दोरा ओढत स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून व्हरांड्यात आणि तिथून ट्रकाला वळसा घालून परत आल्या, तेव्हा नाकाला काजळी होती, चष्मा तिरका होता आणि घरातल्या सगळ्या खुर्च्या एकमेकींना बांधल्या गेल्या होत्या. दोऱ्याचं शेवटचं टोक फटीतून सुटलं तेव्हा तिघं जमिनीवर बसून इतकी हसली, की डॉक्टरांना आपण नक्की कशासाठी घाई करत होतो तेच क्षणभर आठवेना.

सकाळी आठवलं. अल्टरनेटर ट्रकात चढला, मागून सामान चढलं, सासूबाई मधल्या सीटवर चढल्या, बायको खिडकीशी. ट्रक गरजला. चार्जिंगचा काटा उजवीकडे झुकला आणि वाटभर तिथेच राहिला. डॉक्टर शीळ घालत होते.

नव्या घरासमोर ट्रक थांबला, डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. स्वच्छ इमारत होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कुठे पान हलत नव्हतं. सासूबाई उतरेनात.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एक विचारू? या ट्रकाचं अजून काय काय बिघडलंय?"

असं आपुलकीने आजवर डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांची कळी खुलली. "काय सांगू आई! स्टार्टर उघडायला आलाय. वायपर एकच चालतो. रेडिएटर गळतोय. ब्रेकचे पाइप सगळे बदलायला हवेत. गिअरबॉक्स तर मी अजून पाहिलेलाच नाही. निदान दोन वर्षांचं काम आहे!"

बायकोने कपाळाला हात लावला.

"दोन वर्षं," सासूबाई तृप्त होऊन म्हणाल्या आणि सीटवर ऐसपैस मागे टेकल्या. "मग वळवा गाडी. त्या बंद खिडक्यांत मी कुणाशी हसू?"

डॉक्टरांनी स्टार्टरच्या बटणाकडे हात नेला. आपला ट्रक सुरू होऊ नये, अशी प्रार्थना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली.

पण बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. बटण दाबायचा अवकाश, इंजिन धडधडून उठलं.